गप्पी हौदात हवा, नदीत नको

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की गप्पी माशांची आठवण होते. शिर्डीत ती वर्षभर राहायला हवी. भाविकांच्या गर्दीमुळे येथील लॉज, भक्तनिवासांना पाणी साठवावेच लागते आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पूर्ण वाढलेला गप्पी दिवसाला सुमारे ८० ते १०० अळ्या खातो. त्यामुळे प्रत्येक मोठ्या लॉजने स्वतःची पैदास टाकी ठेवावी.

ते अवघड नाही. ४०-५० लिटरची काचेची टाकी आणि एका नरामागे दोन-तीन माद्या पुरतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जावे म्हणून पाणी एक दिवस आधी भरून ठेवावे. मादी अंडी न घालता साधारण महिन्याने थेट पिल्ले देते. पण तीच ती खातेही. म्हणून पिल्लांना लपायला दाट पाणवनस्पती हव्यात.

वाढलेले मासे वापराच्या उघड्या हौदात सोडावेत. ओढ्यात किंवा कोपरगावजवळच्या गोदावरीत मात्र कधीही नाही. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा. नदीत तो झपाट्याने वाढून स्थानिक लहान माशांच्या अन्नात वाटेकरी होतो.

कूलर, टायर, कुंडीखालच्या ताटल्यांत गप्पी उपयोगाचा नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून तेथे आठवड्याचा कोरडा दिवस आणि पिण्याच्या टाकीला घट्ट झाकण हाच उपाय.