पांढऱ्या उजेडाची हौस

"हें कितें रे? घर काय हॉस्पिताल?"

मावशीचे हे पहिले वाक्य. मावसभावाने आपली जुनी पॅसेंजर बस भंगारात न घालता तिचे चाकांवरचे घर केले, त्यात नवेकोरे एलईडी दिवे लावले, आईला हात धरून आत चढवले आणि मोठ्या ऐटीत बटण दाबले. त्यावर तिचा हा अभिप्राय. आम्ही दोघेही हसलो. म्हातारीला काय कळते, असे मनात म्हणालोही. आजचा लेख म्हणजे त्या हसण्याची कबुली आहे, आणि थोडे भांडणही आहे. भांडण कोणाशी, ते पुढे येईलच.

आधी बसविषयी सांगतो. ही बस अनेक वर्षे फोंडा-पणजी धावली. धंदा परवडेना तेव्हा भावाने ठरवले की आईला आणि वडिलांना पंढरपूर, गाणगापूर, जमल्यास पुढेही, आपल्याच बसमधून हिंडवायचे. बाके काढली, चार बिछाने केले, ओटा केला, एका कोपऱ्यात फळीवर देव बसवले. गाडीत असा बदल करायचा तर परवानगी काढून नोंदणीच्या दाखल्यात तशी दुरुस्ती करून घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्यासाठीच आहे. ते कागद माझ्या गळ्यात पडले. घरात कारकून असला की असेच होते.

सुताराने आधी छतात हॅलोजनचे छोटे दिवे बसवून दिले होते. दिसायला सुंदर. पण एकेक २० वॅटचा, आणि असे १२. म्हणजे २४० वॅट. घरातल्या वापरासाठी १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची वेगळी बॅटरी होती. २४० भागिले १२ म्हणजे २० अँपिअर. शिसे-आम्लाची बॅटरी टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हाती राहिले ७५. सगळे दिवे लावले तर पावणेचार तासांत खेळ खलास. प्रत्यक्षात त्याहूनही लवकर, कारण अशा बॅटरीतून जोरात वीज ओढली की ती पुरती हाती येतच नाही. शिवाय हॅलोजनचा दिवा विजेतला बहुतेक भाग उष्णतेत घालवतो. मे महिन्यात पत्र्याच्या बसमध्ये ती उष्णता कोणाला हवी?

३ वॅटचे १२ एलईडी लावले तर होतात ३६ वॅट, म्हणजे ३ अँपिअर. त्याच ७५ अँपिअर-अवरमध्ये २५ तास. हा हिशेब मीच कागदावर मांडून भावाला दाखवला. त्यात आजही एका आकड्याचीही चूक नाही.

चूक पुढे झाली. दुकानदाराने विचारले, "व्हाइट की वॉर्म?" किंमत एकच होती. भावाने माझ्याकडे पाहिले आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "व्हाइट. उजेड जास्त पडतो."

वाचकहो, हे वाक्य तुमच्याही तोंडून कधी ना कधी निघालेले असणार. माझे भांडण या वाक्याशी आहे.

पहिल्याच प्रवासात, अनमोडचा घाट चढून बेळगावला नातेवाइकांना भेटून आम्ही पुढे निघालो आणि मिरजेच्या अलीकडे एका पेट्रोल पंपाच्या आवारात रात्रीपुरते थांबलो. दोनच्या सुमारास मावशी उठली. बसच्या मागच्या भागात एक पायरी आहे. तिने बटण दाबले. छतातले सगळे दिवे एकदम पेटले, तिचे डोळे दिपले, पायरी दिसलीच नाही. मनगट मुरगळले, त्यावर निभावले. हाड मोडले असते तर? ७४ वर्षांच्या बाईचे? पंढरपुरात तिने विठोबाला डाव्या हाताने नमस्कार केला. तो मी पाहिला. तेव्हापासून ते "उजेड जास्त पडतो" माझ्या कानात वाजते आहे.

अंधारामुळे माणूस पडतो, हे आपल्याला ठाऊक असते. उजेडामुळेही पडतो, हे ठाऊक नसते. उतारवयात डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर आणि गढूळ होत जाते. वाचायला अशा डोळ्यांना तरुणांपेक्षा जास्त उजेड लागतो हे खरे. पण समोरून येणारा झगझगीत उजेड त्या भिंगात विखुरतो आणि डोळ्यांपुढे पांढरा पडदा धरतो. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पोथीवर जास्त उजेड हवा, डोळ्यांत मात्र अजिबात नको. आम्ही नेमके उलटे केले होते. पोथीवर सावली आणि डोळ्यांत चकचकाट.

आता "व्हाइट" म्हणजे काय ते पाहू. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आतली चकती निळा प्रकाश देते, तिच्यावर पिवळसर लेप असतो, दोन्ही मिळून आपल्याला पांढरे दिसते. तो निळा एलईडी साधण्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, एवढी ती अवघड गोष्ट होती. लेप कमी तर निळेपण जास्त. दुकानातल्या खोक्यावर ते केल्विनमध्ये लिहिलेले असते. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा, २७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा. समईची ज्योत साधारण १९०० च्या आसपास. आकडा जितका मोठा तितका उजेड डोळ्यांना थंड, अशी ही उलटी मोजणी आहे.

आणि उजेड किती पडतो ते या आकड्यावर ठरतच नाही! ते ल्युमेनवर ठरते, आणि ल्युमेनही त्याच खोक्यावर छापलेले असते. तेवढ्याच वॅटला निळसर दिवा थोडासा जास्त ल्युमेन देतो, पण तो फरक इतका किरकोळ की डोळ्याला कळतही नाही. आपल्याला जो "जास्त" वाटतो तो उजेड नव्हे, तो त्याचा बोचरेपणा आहे. शिवाय संध्याकाळनंतर निळसर प्रखर उजेड शरीराला अजून दिवसच आहे असे सांगतो आणि झोप आणणारे संप्रेरक अडवून धरतो. पावसाळ्यात झाडाखाली बस उभी केली की किडेही निळसर उजेडावरच जास्त येतात. हे सगळे माहीत नसताना मी ज्या आत्मविश्वासाने उत्तर दिले, तो आत्मविश्वास सरकारी फायलीवर शेरा मारताना शोभतो, घरात नव्हे.

रंगांची तर गोष्टच सोडा. स्वस्त दिव्यांत तांबडा रंग नीट उमटत नाही. मावशीच्या कपाळाचे कुंकू तपकिरी दिसे, आमसुलाची कढी मळकट दिसे, आणि बांगड्याचे हुमण ताटात असूनही खावेसे वाटत नसे. खोक्यावर सीआरआय नावाचा एक आकडा असतो. तो ९० च्या पुढे असला की कुंकू कुंकवासारखे दिसते. आम्ही घेतलेल्या खोक्यावर तो आकडा नव्हताच, आणि आम्हीही विचारला नाही.

इथे एक दुसरी फौज पुढे येते. "बघ, आम्ही सांगत होतो! जुना बल्ब तो जुना बल्ब. एलईडीत जिव्हाळा नाही." ऑफिसातल्या एका मित्राने माझी कहाणी ऐकून हेच म्हटले, आणि वर समईवर दहा मिनिटे व्याख्यान दिले. माझे भांडण त्याच्याशीही आहे. २५ तासांच्या जागी पावणेचार तास हा जिव्हाळा नव्हे, उधळपट्टी आहे. बॅटरी रात्री अकरालाच बसली तर मावशीने पायरी काय आठवणीने चढावी? २०१५ साली उजाला योजना सुरू झाली, एलईडी बल्ब सामान्य घराच्या आवाक्यात आला, हे चांगलेच झाले. दोष दिव्यात नाही. दोष दिवा विकत घेणाऱ्या आपल्या डोक्यात आहे. तंत्र नवे घेतले, पण काय हवे ते स्वतःला विचारले नाही.

मला तर आता उलटेच वाटते. आजीच्या काळी उजेड माणसाबरोबर चालायचा. चुलीपाशी चिमणी, देवाकडे समई, ओसरीवर कंदील, न्हाणीघरात जायचे तर हातात दिवा. जिथे काम तिथे उजेड, बाकी घराला काळोख. मग ट्यूबलाइट आली, छताच्या मधोमध बसली आणि सगळ्या खोलीवर एकसारखा उजेड ओतू लागली. आपण त्यालाच सुधारणा म्हणू लागलो. एलईडी बोटाच्या पेराएवढा असतो, एक-दोन वॅटमध्ये भागतो, हवा तिथे बसतो. म्हणजे आजीची ती जुनी रीत वीजबचतीसकट परत आणण्याची सोय आज पहिल्यांदाच हाती आली आहे. आणि आपण काय केले? त्याच छताच्या मधोमध आणखी पांढरी ट्यूबलाइट लावली!

बस परत आल्यावर भावाने आणि मी सगळे दिवे उतरवले. नवे २७०० केल्विनचे. प्रत्येक बिछान्याशी मान वळणारा वाचायचा दिवा, त्याचे बटण त्याच्याच शेजारी. ओट्यावर फळीच्या खाली पट्टी, म्हणजे उजेड विळीवर पडेल, डोळ्यांत नाही. पायरीच्या कडेला गुडघ्याच्याही खाली अर्ध्या वॅटचा तांबूस दिवा, तो रात्रभर जळतो. ड्रायव्हरच्या बाजूचे दिवे वेगळ्या बटणावर, कारण रात्री गाडी चालवताना आतला उजेड समोरच्या काचेत उमटतो आणि रस्ता दिसत नाही. खर्च बसच्या एका टायरपेक्षा कितीतरी कमी.

दोन गोष्टी या निमित्ताने शिकलो, त्या असे काही करणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. पहिली म्हणजे, १२ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्टवर कधीच नसते. भरलेली असली की १२.७, चार्ज होताना १४.४ पर्यंत. साध्या पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर ओळीने जोडलेले असतात. १२ व्होल्टला त्या रेझिस्टरच्या वाट्याला जेमतेम अडीच व्होल्ट येतात, १४.४ ला जवळजवळ पाच. म्हणजे प्रवाह दुपटीच्या आसपास, आणि पट्टी काही महिन्यांत काळी. आमची पहिली पट्टी अशीच गेली. म्हणून १० ते ३० व्होल्ट चालणारे, आत स्वतःचा ड्रायव्हर असलेलेच दिवे घ्यावेत. दुसरी गोष्ट फ्यूजची. एलईडीला वीज कमी लागते म्हणून बारीक वायर ओढायची आणि फ्यूज गाळायचा, हा शहाणपणा करू नये. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. शॉर्ट झाले की बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते, आणि बसच्या आत सगळे प्लायवूड असते.

आता कोणी म्हणेल, एका बसच्या दिव्यांवर एवढे रामायण कशाला? म्हणतो, कारण ही बस म्हणजे आपला गोवाच आहे. आपली देवळे पाहा. (नाव घेत नाही. सगळीकडे तेच.) मंगेशीसारखा सात मजली दीपस्तंभ ज्या भूमीने उभारला, जिथे दिवजोत्सवाला सुवासिनी हातात दिवजां घेऊन देवाभोवती फिरतात, त्याच भूमीत गाभाऱ्याच्या दारावर निळसर पांढरी पट्टी चिकटवलेली दिसते. समई तिच्यापुढे विझल्यासारखी दिसते, काळ्या पाषाणाची मूर्ती राखाडी पडते. देवस्थानच्या महाजनांना विचारा. उत्तर ठरलेले: "उजेड बरा पडतो." माझेच वाक्य! घरोघरचे हॉल बघा, चवथीची माटोळी बघा. केवढ्या हौसेने बांधलेली रानफळे, आणि वर दवाखान्याचा उजेड.

परंपरा बुडाली म्हणून गळा काढायला मी हे लिहीत नाही. गाभाऱ्यात वीज नकोच, असेही माझे म्हणणे नाही. पुजाऱ्यालाही पायरी दिसली पाहिजे. पण किंमत तीच, वीज तीच, बचत तीच असताना आपण दर वेळी वाईटच का निवडतो? कारण पांढरा झगझगाट म्हणजे ऐपत, आणि पिवळसर उजेड म्हणजे जुन्या दिवसांची गरिबी, हे आपल्या मनात कुठेतरी घट्ट बसले आहे. चिमणीच्या उजेडात दिवस काढलेल्या पिढीला तसे वाटले तर समजू शकते. आपण तर विजेखाली जन्मलो. आपल्याला कसली भीती?

तेव्हा पुढच्या वेळी दुकानदार "व्हाइट की वॉर्म" म्हणून विचारील, तेव्हा क्षणभर थांबा. खोके हातात घ्या, आकडे वाचा, आणि तो उजेड कोणाच्या डोळ्यांवर पडणार आहे तो चेहरा आठवा. एवढेच मागणे आहे.

असो. मावशी मागच्या कार्तिकीला पुन्हा जाऊन आली. रात्री उठली, पायरी उतरली, परत येऊन झोपली, आणि कोणाला जागही आली नाही. दिव्यांविषयी ती आता काही बोलत नाही. सध्या तिची तक्रार पंख्याच्या आवाजाची आहे. या वेळी आम्ही हसलो नाही. भावाने पंखा उतरवून ठेवला आहे.