घरातला न्याय

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये माझी आत्या राहते. गेल्या महिन्यात आतोबांचं वर्षश्राद्ध होतं, म्हणून जाऊन आले. आतोबा वकील. चाळीस वर्षं त्यांनी दिवाणी दावे चालवले. पहाटे कुक्करहळ्ळी तलावाला फेरी, आल्यावर फिल्टर कॉफी, मग पक्षकार आणि साडेदहाला काळा कोट चढवून कोर्ट. कोर्टात कन्नड आणि इंग्रजी, घरात मराठी. संध्याकाळी सातनंतर पक्षकार दारात उभा राहिला तरी फाईल उघडायची नाही, हा त्यांचा नियम. ती वेळ मुलांच्या अभ्यासाची.

जेवणं झाल्यावर सगळे माजघरात बसलो आणि आठवणी निघाल्या. कुणी म्हणालं, देवमाणूस होता. कुणी म्हणालं, असा कुटुंबवत्सल माणूस होणे नाही. आत्या सुपारी कातरत गप्प बसली होती. शेवटी मीच विचारलं, ‘‘आत्या, तू काहीच बोलली नाहीस?’’

ती म्हणाली, ‘‘देवमाणूस वगैरे नव्हते गं. मला शाळेत नोकरी मिळत होती, ती करू दिली नाही. सासूबाईंना आवडणार नाही म्हणाले. मी आठ दिवस रडले. पुढे साठी झाल्यावर एकदा आपणहून म्हणाले, ‘तेव्हा माझं चुकलं.’ दुसऱ्यांच्या बायकांना न्याय मिळवून देणारा माणूस, पण घरातला निकाल द्यायला त्यांना तीस वर्षं लागली.’’

खोली एकदम शांत झाली. चुलत दीर तर खाली मान घालून बसले. पण मला वाटलं, दिवसभरात आतोबा पहिल्यांदा खरे दिसले.

आणि मला रमाबाई रानड्यांची आठवण झाली.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आपल्याला रस्त्यांच्या नावांतून आणि पुतळ्यांतून माहीत असतात. पण घरातले रानडे कळतात ते रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकातून. रानडे 1901 साली गेले आणि 1910 साली हे पुस्तक आलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही त्या काळची रीत, म्हणून रमाबाई त्यांचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतराचं नावही ‘हिमसेल्फ’ असंच आहे.

या नात्याची सुरुवात मात्र काही आदर्श नव्हती. रानडे विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते. पण 1873 साली पहिली पत्नी वारली तेव्हा वडिलांच्या हट्टापुढे त्यांचं चाललं नाही आणि एकतिसाव्या वर्षी त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. लोकांनी टीका केली आणि ती गैरही नव्हती. बोलायचं एक आणि करायचं एक, असंच ते झालं होतं.

पण त्यांनी पुढे काय केलं ते पाहा. मुलीला अक्षरओळख नव्हती. त्यांनी स्वतः शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या बायकांनी छळ मांडला, टोमणे मारले. रमाबाईंनी सगळं सोसलं, पण पाटी खाली ठेवली नाही. सोसलं कुणी, तर त्या मुलीने, हेही विसरून चालणार नाही. रानडे सकाळी बाहेर पडत, दिवसभर त्या बायकांत राहायचं असे ते तिला.

कलकत्त्याला असतानाची एक गंमत रमाबाईंनी सांगितली आहे. तिथे बंगाली येत नाही म्हणून अडू लागलं. तेव्हा रानड्यांनी पुस्तकं आणली आणि स्वतःच शिकायला बसले. न्हावी दाढी करायला आला की हे त्यालाच अक्षरांचे उच्चार विचारत! एवढा मोठा अधिकारी न्हाव्याचा शिष्य झाला म्हणून बायकोने थट्टा केली. त्यांना त्यात काही कमीपणा वाटला नाही. स्वतः शिकले आणि मग बायकोला शिकवलं.

रानडे गेले तेव्हा रमाबाईंनी चाळिशीही गाठली नव्हती. त्या काळच्या विधवेने कोपऱ्यात बसायचं. रमाबाई काही काळ बसल्याही. पण मग उठल्या. 1908 साली मुंबईत आणि 1909 साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं, त्याच्या त्या अध्यक्षा झाल्या. किती बायका तिथे शिकल्या, नर्स झाल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या! रानड्यांच्या मागे घर राहिलं, पैसाही राहिला असेल. पण खरी इस्टेट म्हणाल तर ती अक्षरं.

हे मी माजघरात सांगितलं, तेव्हा आत्या उठली आणि आतल्या कपाटातून एक जाड फाईल घेऊन आली. वर आतोबांच्या हातचं मराठी अक्षर. बँकेची पासबुकं, विम्याचे कागद, घरपट्टीच्या पावत्या आणि मृत्युपत्र.

‘‘दर शनिवारी मला घेऊन बसायचे,’’ ती म्हणाली. ‘‘तिकडे भाजी करपायची आणि इकडे हे मला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे समजावून सांगायचे. मी चिडायचे. ते म्हणायचे, माझ्यामागे तुला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये.’’

मुलगी म्हणाली, ‘‘बाबांकडे भाऊ यायचे, बहिणीच्या हक्कसोडपत्राचा कागद करून द्या म्हणायचे. बाबा त्यांना बाहेर बसवून बहिणीला एकटीला आत बोलवायचे. तू कशावर सही करतेस ते तुला माहीत आहे का, असं विचारायचे. कितीतरी जण रागावून दुसऱ्या वकिलाकडे गेले.’’

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती कर्नाटकात आणि महाराष्ट्रात 1994 साली झाली, देशभर 2005 साली. कायदा झाला, पण माहेर तुटेल या भीतीने आजही कितीतरी जणी न वाचता सही करतात. त्यांना आत बोलावून दोन वाक्यं सांगणारा वकील किती मोलाचा!

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे मृत्युपत्राचं नाव काढलं की ‘अशुभ बोलू नका’ म्हणतात. त्याला स्टँप पेपर लागत नाही. नोंदणी केली तर उत्तम, पण सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहावं, दोन साक्षीदारांसमोर सही करावी, त्यांच्याही सह्या घ्याव्यात. ज्याला काही मिळायचं आहे तो साक्षीदार नसलेला बरा. आणि मुख्य म्हणजे कागद कुठे ठेवला आहे ते बायकोला सांगावं.

निघायच्या दिवशी आत्याबरोबर बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलाने कन्नडमध्ये विचारलं, ‘‘अज्जी, बरोबर कुणी आहे का फॉर्म भरायला?’’

आत्याने पिशवीतून चष्मा काढला, त्याच्याकडून फॉर्म घेतला आणि म्हणाली, ‘‘पेन तेवढं दे.’’