थेंबाला कोण धरून ठेवतं?

गेल्या पावसाळ्यात आम्ही वेल्ह्याला बहिणीकडे गेलो होतो. भाताची लावणी चालू होती, तोरणा ढगात बुडालेला. ओसरीवर चहा घेताना नुकतीच दहावी झालेली भाची पागोळीकडे बोट दाखवून म्हणाली, “मामू, पाणी तर वाहतं. मग हा थेंब असा लोंबकळत का राहतो? त्याला धरतं कोण?”

प्रश्न साधा, पण उत्तर मोठं आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. त्यांचा आपसातला बंध पक्का. शिवाय एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन बंध. पक्क्या बंधाच्या मानाने त्याचा जोर साधारण विसावा हिस्सा. पण त्याच्यावाचून भाटघरचं धरण भरलं नसतं. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड. तरी त्याच्यात हे बंध फार दुबळे, म्हणून तो उणे ६० अंशांनाच उकळतो.

“पण रेणू दिसत नाही, मग हे कळलं कसं?” भाचीचा पुढचा प्रश्न.

फिरण्यावरून. फुगडीत मुली हात लांबवतात तेव्हा वेग कमी होतो, जवळ आल्या की वाढतो. वायूतले रेणूही गरगर फिरतात, पण ठरावीक पायऱ्यांनीच. नेमक्या त्या पायरीची सूक्ष्मलहर मिळाली की रेणू ती शोषतो. त्या लहरींवरून अणूंमधलं अंतर काढता येतं. दुबळ्या बंधाची जोडी टिकावी म्हणून वायू बारीक छिद्रातून निर्वात पेटीत सोडून थंडगार करतात. १९७७ साली डाइक, मॅक आणि म्युंटर यांनी पाण्याच्या दोन रेणूंची जोडी अशीच मोजली. दोन ऑक्सिजनमधलं अंतर भरलं एका मिलिमीटरच्या सुमारे ३३ लाखाव्या भागाइतकं!

आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अरुणन यांची प्रयोगशाळा हेच काम करते. हायड्रोजन बंधाची २०११ साली जगाने स्वीकारलेली नवी व्याख्या त्यांच्या अध्यक्षतेखालील गटाने केली. पुणे विद्यापीठात डॉ. श्रीधर गद्रे यांनी अशा बंधांचा वेध गणिताने आणि संगणकाने घेतला.

मेहुणे ऐकत होते. म्हणाले, “हे सगळं ठीक, भाईजान. पोटापाण्याला काय उपयोग? पोरीला सायन्ससाठी पुण्याला कशाला धाडायचं?”

आम्ही समोरच्या खाचराकडे बोट दाखवलं. २०११ साली इस्रो आणि फ्रान्सने ‘मेघा-ट्रॉपिक्स’ उपग्रह सोडला. हवेतली वाफ तो पाण्याच्या रेणूच्या याच फिरण्यावरून मोजत असे. पावसाचा अंदाज ऐकून तुम्ही आवण कधी लावायचं ते ठरवता. त्यामागे असंच कुणाचं तरी शिक्षण आहे.

मेहुणे गप्प राहिले. दोन दिवसांनी बहिणीचा फोन आला: फॉर्म भरला, सायन्सचाच.

वाचकहो, घरातली मुलगी असा प्रश्न विचारील तेव्हा “गप्प बस” म्हणू नका. उत्तर येत नसेल तर तिच्याबरोबर शोधा.