पाठीतलं ‘भारी’ इंजेक्शन मागू नका

फुलसावंगीहून सिझरसाठी पुसदला पेशंट नेताना नातेवाईक मला हमखास म्हणतात, “डॉक्टरसाहेब, पाठीतलं भारी इंजेक्शन द्यायला सांगा, रात्रभर दुखायला नको.” अहो, सुन्न करणारं बुपिव्हाकेन तेच असतं (मणक्यातल्या पाण्याहून जड, म्हणून बाटलीवरच ‘हेवी’ लिहिलेलं!). फरक त्यात मिसळलेल्या थेंबभर औषधाचा. फेंटानिलचा आराम काही तासांचा. डेक्समेडेटोमिडीनने पाय उशिरा हलतात, नाडी मंदावू शकते. मॉर्फिन जवळजवळ दिवसभर पुरतं. पण क्वचित श्वास मंद होतो, तोही कित्येक तासांनी, सगळे झोपलेले असताना. जिथे रात्री श्वास मोजायला नर्स नाही, तिथे मॉर्फिन नकोच. फेंटानिल आणि वेळेवर पेनकिलर बरी. भूलतज्ज्ञाला औषध सुचवू नका. रात्री पेशंटजवळ कोण जागणार, ते विचारा.