घरगुती हिशेब : मुंबईस उतरावयाचें कोठें?

गेल्या महिन्यांत हें सदर रिकामें राहिलें, याचें कारण कित्येक वाचक-भगिनींनीं विचारलें आहे. कारण सांगण्यासारखें आहे, आणि त्यांतून इतर कुटुंबांच्या उपयोगाचेंहि थोडेंबहुत निघेल, म्हणून आज तोच विषय घेतें.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना तपासणीकरितां मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत न्यावयाचें ठरलें. १९४१ सालीं उघडलेल्या या रुग्णालयाचें नांव घरांत निघालें कीं माणसें आपोआप हळू आवाजांत बोलूं लागतात; आमच्याकडेहि तसेंच झालें. नानांचे, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचे, गुडघे प्रवासाच्या कामाचे राहिलेले नाहींत. तेव्हां जाऊबाईंबरोबर मी जावें, आणि त्यांचा मुलगा, जो पुण्यास नोकरीला असतो, त्यानें दादरास येऊन भेटावें असें ठरलें. यावलहून मुंबईस जाणें म्हणजे तापीचा पूल ओलांडून भुसावळ गांठावयाचें, रात्रीची गाडी धरावयाची आणि पहांटे दादरास उतरावयाचें. इतकें आम्हांस तीन पिढ्यांपासून पाठ आहे. अडचण दादरापासून पुढची. डॉक्टरांनीं चार-पांच दिवस राहण्याच्या तयारीनें या म्हणून सांगितलेलें.

पूर्वीं हा प्रश्न उद्भवतच नसे. मुंबईस कोणी ना कोणी आप्त असेच, आणि गिरगांवांतल्या दोन खोल्यांत आठ माणसें असलीं तरी नवव्याची पथारी पडे. ज्यांना तें नको असे ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहासारख्या ठिकाणीं उतरत. लोकमान्य टिळकांनीं १ ऑगस्ट १९२० रोजीं देह ठेवला तो त्याच वास्तूंत. आतां आप्त आहेत, पण ते वसई-विरारकडे सरकले आहेत, आणि दोघेंहि नोकरीवर जाणाऱ्या घरांत दुखणाईत माणूस घेऊन पांच दिवस राहणें आमच्या मनास येईना.

दादरास कर्करोगाच्या रुग्णांकरितां व त्यांच्या नातेवाइकांकरितां गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा आहे. नानांचा कल तिकडे होता. जाऊबाईंनींच तो मोडून काढला. “ज्याला दुसरा आसरा नाहीं त्याची ती जागा. आपण अडवावी कशाला?” एवढेंच त्या बोलल्या, आणि तो विषय संपला.

मग पुतण्यानें फोनवरून सुचविलें कीं, त्याच्याजवळ चौऱ्याण्णव हजार ‘पॉइंट’ साठले आहेत, त्यांवर एखाद्या मोठ्या हॉटेलांत खोली घेतां येईल. आमच्या घरांत हॉटेल या शब्दाचा अर्थ अजूनहि भजीं-चहाचें दुकान असाच असल्यामुळें नानांना प्रथम कांहीं उमगेना. उमगल्यावर त्यांनीं उलट तपासणी सुरू केली. त्यांची सारी हयात तालुका कचेरींत गेलेली.

“भाडें कोणी दिलें होतें?”

“कंपनीनें.”

“आणि पॉइंट कोणाचे?”

“माझे, नाना.”

“तें कसें काय?”

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. ही चाल अमेरिकेंत विमानकंपन्यांनीं पाडली. अमेरिकन एअरलाइन्सनें १९८१ सालीं आपल्या नेहमींच्या उतारूंस मैल मोजून बक्षीस देण्यास आरंभ केला, आणि १९८३ मध्यें हॉटेलांनीं तिचें अनुकरण केलें. युक्ति उघड आहे. खर्च मालक करतो, हॉटेल नोकर निवडतो. तेव्हां निवडणाऱ्यास खूष ठेवावें. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांस सरकारी खर्चाच्या विमानप्रवासाचे असे गुण खासगी कामीं लावण्यास मनाई आहे. खासगी कंपन्या बहुधा हरकत घेत नाहींत. पुतण्यानें आपल्या कंपनीचा लेखी नियम वाचून दाखविला, तेव्हां कोठें नानांनीं संमति दिली. तो नियम आपण होऊन त्यानें आधीं पाहिला नव्हता, हें मात्र मला खटकलें.

आतां निवडीकडे वळतें. या पॉइंटांचे दोन प्रकार आहेत. एक बांधल्या भावाचा : टाटांच्या न्यू-कॉइनचें मोल एक रुपया, किंवा अकॉर मंडळीच्या हॉटेलांत २००० पॉइंटांचे ४० युरो. येथें विचार करण्यास फारसें कांहीं नाहीं, नाणें मोजून द्यावयाचें. दुसरा चढउताराचा. पुतण्याचे पॉइंट मॅरियटचे, म्हणजे या दुसऱ्या जातीचे. त्यांचा ठराविक तक्ता पूर्वीं असे. तो २०२२ सालीं मोडला, आणि आतां खोलीचा दर हलतो तसे पॉइंटहि हलतात. आज पाहिलेला आंकडा उद्यां असेलच असें नाहीं.

अशा ठिकाणीं तरुण मंडळी एक भागाकार करतात. खोलीचा करासह रोख दर घ्यावा, त्यास मागितलेल्या पॉइंटांनीं भागावें, आणि एका पॉइंटास किती पैसे पडले तें पाहावें. सोयीसाठीं गोल आंकडे घेतें. समजा, जुहूला समुद्रकांठीं खोली १५,००० रुपयांस आहे. रोजचें भाडें ७,५०० च्या वर गेलें कीं कर १८ टक्के, म्हणजे एकूण १७,७००. पॉइंट मागतात २५,०००. पॉइंटास जवळजवळ ७१ पैसे पडले. परळांतली खोली ९,००० ची, करासह १०,६२०, पॉइंट १८,०००. येथें ५९ पैसेच. पुतण्याचें म्हणणें साहजिकच जुहूकडे झुकलें. “काकू, आईला समुद्र दिसेल,” असेंहि तो म्हणाला. त्यांत खोटें नव्हतें. पण आईला सकाळीं आठास परळांत, उपाशीं पोटीं, रक्त द्यावयास उभें राहावयाचें होतें. जुहूपासून परळापर्यंतचा रस्ता सकाळच्या वेळीं किती तास खाईल हें त्या भागाकारांत कोठेंच येत नाहीं. ज्या खोलीचे आपण रोख १७,७०० कधींच दिले नसते, ती स्वस्तांत पडली या म्हणण्यांतहि मला फारसा जीव दिसत नाहीं. परळ व लोअर परळ या भागांत या पॉइंटांवर चालणारीं एकाहून अधिक हॉटेलें आहेत. त्यांतलें रुग्णालयास जवळचें, लिफ्टपासून फार चालावें न लागणारें असें एक आम्हीं घेतलें.

खरा पेंच पुढेंच होता, आणि तो आमच्यासारख्या रात्रीच्या गाडीनें येणाऱ्या सगळ्यांसच लागू आहे. गाडी पहांटे पोंचते; खोली मिळते दुपारीं दोन किंवा तीन वाजतां. लवकर द्याल काय, असें विचारलें तर “त्या वेळीं रिकामी असल्यास” असें गुळमुळीत उत्तर येतें. दुखणाईत बाईला आठ-नऊ तास दिवाणखान्यांत बसवून ठेवावयाचें कीं काय? म्हणून खोली आदल्या रात्रीपासूनच घ्यावी लागते. सोमवारीं पहांटे पोंचणार, तर रविवारची रात्र धरावयाची.

येथें एक सोय उपयोगी पडली. मॅरियटच्या योजनेंत एकाच हॉटेलांत सलग पांच रात्री पॉइंटांवर घेतल्या तर चारांचेच पॉइंट कापतात. आम्हांस सोमवार ते गुरुवार चार रात्री हव्या होत्या. रविवारची जोडली कीं पांच झाल्या. पांच रात्रींस ७२,००० पॉइंट. म्हणजे पहांटेची खोली जवळजवळ फुकट हातीं आली, आणि पॉइंटास पावणेचौऱ्याहत्तर पैसे पडून पुतण्याचा भागाकारहि संतुष्ट झाला! जुहूला हाच हिशेब एक लाखावर गेला असता, आणि तेवढे त्याच्यापाशीं नव्हतेच.

मात्र आदल्या रात्रीपासून खोली घेणारांनीं एक गोष्ट विसरूं नये. आपण पहिल्या रात्रीं येणार नसून दुसऱ्या दिवशीं पहांटे येणार, हें हॉटेलास फोन करून सांगावें, लेखी उत्तर मागून घ्यावें, आणि निघण्याच्या दिवशीं पुन्हां एकदां विचारावें. चार वर्षांपूर्वीं एका लग्नास जातांना आम्हीं तें केलें नाहीं. सकाळीं सहा वाजतां पेट्यांसह उभ्या असतां, एका हॉटेलच्या माणसानें अतिशय गोड शब्दांत सांगितलें कीं, पाहुणे रात्रीं न आल्यानें सगळेच दिवस रद्द झाले आहेत.

दुसरें असें कीं, पॉइंट ज्याचे त्यानें स्वतः समोर उभें राहणें बरें. पुतण्या दादरावर आला, आमच्याबरोबर हॉटेलांत येऊन त्यानें सह्या केल्या. आम्हां दोघींचीं नांवें आधींच कळविलेलीं होतीं. आधारपत्रें दोघींचींहि पाहिलीं. एका खोलींत दोनच माणसें धरतात, तिसऱ्यास बहुधा निराळे रोख पैसे, म्हणून तो मित्राकडे निजावयास गेला. न्याहारी आमच्या पॉइंटांत धरलेली नव्हती. तिचा दर वाचून जाऊबाईंनीं पिशवींतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. पाणी तापविण्याची किटली खोलींत होतीच.

पहिले दोन दिवस त्या जेमतेम बोलत. खोलींतला गालिचा, उशांची ती रास, यांकडे त्यांनीं पाहिलेंहि नाहीं. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं परततांना रुग्णालयासमोरच्या पदपथावर एक कुटुंब स्टोव्हवर भात शिजवीत बसलेलें दिसलें. बाई जाऊबाईंच्याच वयाची होती. आम्ही थांबलों. बोलणें झालें, अहिराणी ऐकून तिचा चेहरा उजळला; ती आमच्याच जिल्ह्यांतली निघाली. त्या रात्रीं जाऊबाईंनीं मला उठवून विचारलें, “हे पॉइंट दुसऱ्या कोणाला देतां येतात का गं?” मी सकाळीं पुतण्याला विचारलें. तो म्हणाला, दुसऱ्याच्या नांवानें खोली घेऊन देतां येते. मग उरलेल्या बावीस हजारांतून त्यानें त्या कुटुंबाकरितां एक रात्र घ्यावी असें निघालें. पण त्या बाईनेंच हात जोडले. एका रात्रीनें काय होणार, आणि पदपथावरची जागा मात्र जाईल, असें ती म्हणाली. शेवटीं दादरच्या धर्मशाळेंत नांव कसें घालावें याची चौकशी पुतण्यानें केली आणि तो तिच्या नवऱ्यास घेऊन तेथें गेला.

जाऊबाईंना तीन महिन्यांनीं पुन्हां बोलावलें आहे. चोवीस महिने खात्यांत हालचाल झाली नाहीं तर पॉइंट बुडतात, एवढें नानांनीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवलें आहे, आणि त्याखालीं बावीस हजारांचा आंकडा. पुढच्या खेपेस दोनच रात्रींचें काम आहे. तेवढ्यास ते पुरणार नाहींत. एक रात्र पॉइंटांवर आणि एक रोख, कीं दोन्ही रात्री परळांतल्या एखाद्या साध्या लॉजमध्यें, यावर घरांत सध्यां वाद चालू आहे.