टन मोजता, मग तास का लपवता?

मंडळी, लोकल लेट झाली की दापोडी स्टेशनवर आपण सगळे आधी मालगाडीला शिव्या देतो. आज जरा त्या मालगाडीच्या इंजिनात बसलेल्या माणसाबद्दल बोलू.

दर महिन्याला बातमी येते : रेल्वेची विक्रमी मालवाहतूक! २०२४-२५ मध्ये १६० कोटी टनांच्या वर माल गेला. अर्थमंत्रालयापासून रिझर्व्ह बँकेपर्यंत सगळे हा आकडा अर्थव्यवस्थेची नाडी म्हणून बघतात. माल हलला म्हणजे कारखाने चालले, असं साधं गणित. चूक नाही, पण अर्धवट आहे. तो माल हलवायला माणसांचे किती तास गेले, हे कुणीच सांगत नाही.

समजा, एक गाडी पूर्वी सहा तासांत पोचायची, आता नऊ तास लागतात. माल तेवढाच. टनांच्या तक्त्यात काहीच बदललं नाही, सगळं आलबेल! तासांच्या तक्त्यात मात्र लगेच दिसेल की तेवढ्याच कामाला दीडपट माणूस जळतोय. टन आणि तास दोन्ही वाढले तर धंदा वाढला. टन जागेवर आणि तास वाढले तर कुठेतरी तुंबलंय : लाईन अपुरी, माणसं कमी किंवा नियोजन फसलेलं. टन वाढले, तास वाढले, पण भरती नाही, तर तो विक्रम कुणाच्या तरी झोपेतून काढलेला आहे.

आपल्याकडचं तुंबणं बघायला लांब जायला नको. पुणे-लोणावळ्याला दोनच लाईनी. त्यावरच एक्स्प्रेस, लोकल आणि मालगाड्या. तिसऱ्या-चौथ्या लाईनचं वर्षानुवर्षं ऐकतोय. तोवर बाजूला कोण थांबतं? मालगाडी. घड्याळ कुणाचं चालू राहतं? लोको पायलट आणि गार्डचं. चाकणला तर रेल्वेच नाही. तिथला माल ट्रकने निघतो आणि ट्रक ड्रायव्हरचे तास मोजायला तर कोणीच बसलेलं नाही.

आता गंमत बघा. मालधक्क्यावर वॅगन ठरलेल्या वेळेत रिकामी झाली नाही, तर रेल्वे तासाच्या हिशोबाने डॅमरेज लावते. म्हणजे थांबलेल्या वॅगनचा प्रत्येक तास मोजला जातो, त्याला किंमत आहे. पण रेक उशिरा आला म्हणून धक्क्यावर बसून राहिलेल्या हमालाचा तास? त्याची मजुरी टनावर. बसून घालवलेला वेळ त्याच्याच खिशातून जातो. लोखंडाच्या तासाला दर आहे, माणसाच्या तासाला नाही!

कोणी म्हणेल, एवढे तास कोण मोजत बसणार? अहो, मोजलेले आहेत! रनिंग स्टाफची ड्युटी कधी सुरू झाली, कधी संपली, याची नोंद क्रू मॅनेजमेंट सिस्टिममध्ये कॉम्प्युटरवर होते. नियमाने दोन आठवड्यांना १०४ तास ही मर्यादा आहे. दहा तासांच्या ड्युटीचं आश्वासन १९७३ च्या संपानंतर मिळालं. पुढच्याच वर्षी, मे १९७४ मध्ये, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभरची रेल्वे थांबली, तेव्हाही आठ तासांचा दिवस ही प्रमुख मागणी होती. पन्नास वर्षं उलटली आणि लोको पायलटांच्या संघटना आजही तासांवरच भांडतायत.

अमेरिकेत मोठ्या मालवाहू रेल्वे कंपन्यांना किती माणसं, किती तास, किती पगार हे नियामकाला कळवावं लागतं आणि ते लोकांनाही बघायला मिळतं. तिथे स्वर्ग आहे असं नाही. पगारी आजारपणाच्या रजेवरून पेटलेला संप २०२२ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून रोखलाच. पण निदान भांडायला हातात आकडा असतो.

कारखान्यात काम करणाऱ्यांनो, हे रेल्वेवाल्यांचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. उद्या पिंपरी-चिंचवडमधून किती गाड्या बाहेर पडल्या याचे ढोल वाजतील. किती तासांत, किती माणसांच्या जिवावर, हे विचारायची सवय आजच लावून घ्या.

मागणी साधी आहे. दर महिन्याला टनांच्या शेजारी तीन आकडे छापा : विभागवार क्रूचे एकूण तास, दहा तासांच्या वर गेलेल्या ड्युट्या आणि रिकामी पदं. नावं नकोत, फक्त आकडे. मावळ आणि शिरूरच्या खासदारांनी संसदेत एवढा एक प्रश्न तरी विचारावा.

तुमच्या घरात कोणी रेल्वेत, मालधक्क्यावर किंवा ट्रकवर असेल, तर काल ते किती तास कामावर होते ते खाली लिहा. नाव लिहू नका, तास लिहा. सरकार मोजत नसेल, तर आपण मोजायला सुरुवात करू.