पेटीची परीक्षा झाली, गावाला कोणी विचारलं?

अणुभट्टीतला किरणोत्सारी कचरा एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचा तर पेटी कशी असावी, याचे जगभर नियम आहेत. पेटी 9 मीटरवरून कठीण फरशीवर आपटतात, लोखंडी खुंटीवर पाडतात, 800 अंशांच्या आगीत अर्धा तास ठेवतात, पाण्यात बुडवतात. जर्मनीतल्या 'कॅस्टर' पेटीची भिंत बिडाची, जवळपास हातभर जाड. वजन 100 टनांवर. पेटी मजबूत आहे, त्यावर आमचं भांडण नाही. ती कुणाच्या दारात उतरवायची हे कोण ठरवतं, त्यावर आहे.

जर्मनीचं वापरलेलं इंधन 2005 पर्यंत फ्रान्समध्ये ला हागला जात असे. तिथं कामाचं ते काढून घेत आणि उरलेला जहाल कचरा काचेत ओतून, करारानुसार परत पाठवत. रेल्वेनं दानेनबर्गपर्यंत, तिथं क्रेननं ट्रकवर, मग 20 किलोमीटर गोर्लेबेन. गोर्लेबेनच का? 1977 साली ते निवडलं तेव्हा ते पूर्व जर्मनीच्या सरहद्दीला लागून होतं. झाडी, शेती, माणसं थोडी. (झाडी आणि थोडी माणसं दिसली की सरकारला जागा रिकामी वाटते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.) तिथले शेतकरी तेव्हापासून लढले. 1997 च्या मार्चमध्ये 6 पेट्या आल्या तेव्हा त्यांनी ट्रॅक्टर आडवे घातले, लोक रस्त्यावर बसले. सरकारनं सुमारे 30,000 पोलीस आणले. सहा पेट्यांना तीस हजार!

आणि 1998 च्या मे महिन्यात बाहेर आलं की फ्रान्सला जाणाऱ्या पेट्यांना आणि डब्यांना बाहेरून किरणोत्सारी मळ लागलेला होता, मर्यादेच्या कित्येक पट. कंपन्यांना हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं. वाहतूक थांबवावी लागली. पेटी शाबूत होती आणि खबर दाबलेली होती.

त्याच मे महिन्यात आपल्याकडं पोखरणचे स्फोट झाले, पेढे वाटले गेले. कचऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. तारापूर तर आपल्याच पालघर जिल्ह्यात, 1969 पासून. पहिल्या दोन भट्ट्यांचं सुरुवातीचं इंधन अमेरिकेतून आलं. जळून उरलेलं अमेरिकेनं परत नेलं नाही, ते इथंच साठून आहे. उलट राजस्थानातल्या रावतभाट्याचं वापरलेलं इंधनसुद्धा तारापूरला आणलं. वाटेतल्या कुठल्या पाड्याला विचारलं होतं?

आमच्या बाईनं लाकडाची मोळी आणली तर फॉरेस्टवाले नाक्यावर अडवतात, पावती मागतात. ट्रकात काय आहे, हे आम्ही विचारलं तर ते देशाचं गुपित!

1996 च्या कायद्यानं आदिवासी भागात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. रस्त्यानं काय जाणार याबद्दल त्यात अवाक्षर नाही. म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: आमच्या हद्दीतून किरणोत्सारी माल न्यायचा तर आधी गावाला कळवा, काही झालं तर कुणी काय करायचं ते मराठीत लेखी द्या, आणि गावानं नाही म्हटलं तर ट्रक थांबवा. ठरावावर सह्या-अंगठे घेऊन एक प्रत तहसीलदाराला द्या, पोच घ्या. पोचेशिवाय परत येऊ नका.